पिण्याच्या टाकीतली मरळ

बटाट्याचा पहिला काप साडेबारा मिलिमीटर जाड भरला. सुलेखाबाईंनी तो व्हर्नियर कॅलिपरच्या दोन जबड्यांत धरला होता. जबडे जास्त आवळले तर काप दबून माप खोटं येतं, म्हणून नुसते टेकतील एवढेच आवळले होते. दुसरा काप अकरा भरला. तिसरा चौदा. एकाच बटाट्याचे, एकाच सुरीनं कापलेले काप एकमेकांशी इतके फटकून वागतात, हे सगळी नोकरी पदार्थविज्ञान शिकवण्यात घालवलेल्या बाईला सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी अकरा आणि चौदा बाजूला सारले आणि नवा बटाटा घेतला.

"मोजतीस काय अगं?" सासूबाई, आशाबाई, देवघराच्या दारातून म्हणाल्या. "खाणाऱ्याचं पोट काय पट्टी घिऊन बसलंय व्हय?"

"आत्याबाई, जाड-बारीक झाले की एक कच्चा राहतो आणि एक करपतो."

"आमी जल्मभर न मोजता केलं. कुणी मेलं नाय."

हा पुरावा शास्त्रीय नव्हता, पण आशाबाईंशी वाद घालून कुणी जिंकल्याचाही पुरावा नव्हता. सुलेखाबाईंनी नव्या बटाट्याचा काप जबड्यांत धरला.

मोजण्याला कारण होतं. त्यांची मुलगी राजनंदिनी इंग्लंडात, समुद्रकाठच्या एका लहान गावी परिचारिका होती. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. आईला फोनवर तिनं "थोडी सर्दी आहे" एवढंच सांगितलं. खरं काय ते आईला ती बरी झाल्यावर कळलं. त्या दिवसांत तिची घरमालकीण, डोरीन नावाची एकटी राहणारी म्हातारी, तिच्या उशाशी बसली होती. राजनंदिनीच्या तोंडाची चव गेली होती, काही खाल्लं की उलटत होतं. मग एका शुक्रवारी डोरीनबाई कागदात गुंडाळलेला फिश अँड चिप्स घेऊन आल्या आणि मुलीनं तो कागद चाटूनपुसून साफ केला. तेव्हापासून दर शुक्रवारी तो पुडा घरात येत राहिला. आपल्या शहरात नान-खलियाचं, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्श्याचं, जे स्थान, ते तिकडं या पदार्थाचं. मैद्याच्या जाड पिठात घोळवून तळलेला मासा, सोबत बोटाएवढे बटाट्याचे काप, वर मीठ आणि व्हिनेगर. बोटाएवढे म्हणजे कुणाच्या बोटाएवढे, हे सुलेखाबाईंनी मुलीला फोनवर तीनदा विचारलं. शेवटी तिनं तिथं पट्टी लावून अर्धा इंच सांगितलं.

आता त्या डोरीनबाई राजनंदिनीबरोबर अजिंठ्याची लेणी बघायला येत होत्या. त्यांचे उपकार थोडे तरी फेडावेत, म्हणून त्यांना त्यांच्या घरचं जेवण घालायचं, हा सुलेखाबाईंचा उघड हेतू होता. दुसरा हेतू त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता.

राजनंदिनीचा तिथला करार या उन्हाळ्यात संपत होता. तिथल्या रुग्णालयानं तिला कायम करायची तयारी दाखवली होती. इथंही सिडकोतल्या एका रुग्णालयात जागा होती. "आई, तू म्हणशील तसं करते. पण मनापासून सांग," असं तिनं दिवाळीत विचारलं. सुलेखाबाई "बघू" म्हणाल्या. संक्रांतीला विचारलं, तेव्हाही "बघू". होळीपर्यंत मुलगी विचारायची थांबली आणि आईचं बघणं चालूच राहिलं. यजमान गेल्यापासून घरात त्या आणि आशाबाई दोघीच. मुलीनं यावं असं मनात होतं, पण तसं म्हटलं तर ती खरंच येईल आणि पुढं कधी तरी खिडकीत उभी राहून समुद्र आठवेल, ही भीती होती. मग त्यांच्या शास्त्रीय मनानं एक तोडगा काढला. तिथं मुलीला जे जे आवडतं, ते ते इथं करता आलं, तर तिथं राहायचं एकेक कारण कमी होत जाईल. समुद्र करता येण्यासारखा नव्हता. मासा करता येण्यासारखा होता.

करता येण्यासारखा होता असं सुलेखाबाईंना वाटत होतं. त्यांनी जन्मात मासा शिजवला नव्हता. या घरात मटण-मासळी वर्ज्य नव्हती, पण ती घरात नव्हती. यजमान असेपर्यंत रविवारी गच्चीवर वेगळी शेगडी पेटे, वेगळी भांडी निघत, रांधायचं काम त्यांचं. बायकांनी वर जाऊन जेवायचं आणि हात धुऊन खाली यायचं. ते गेले, भांडी माळ्यावर गेली.

पहिला प्रश्न वाराचा आला. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, म्हणून पाहुण्या बुधवारी रात्री येणार आणि शनिवारी परतणार. गुरुवार दत्ताचा. शनिवार मारुतीचा. उरला शुक्रवार, आणि शुक्रवारी आशाबाईंचा संतोषीमातेचा उपास. त्या दिवशी घरात आंबटाचा थेंब चालत नाही. लिंबू, चिंच, दही सगळं आदल्या रात्रीच शेजारी जातं. आणि व्हिनेगर म्हणजे बाटलीबंद आंबटपणाच की.

"मासा गच्चीवर," आशाबाईंनी निकाल दिला. "भांडी गच्चीवर. आंबट गच्चीवरबी नाय."

"आत्याबाई, गच्ची सोसायटीची आहे. आपलं घर उंबऱ्याशी संपतं."

आशाबाईंनी पुष्कळ विचार केला. "मंग बाटली शाइस्ताकडं ठिव. तिचा शुक्रवार येगळा, माझा येगळा."

शाइस्ताभाभी समोरच्या दारातल्या. त्यांना हे कळताच बाटलीबरोबर त्यांनी मासाही पदरात घेतला. "मच्छी मैं तलती, सुलेखाबाजी. तुम खाली आलू देखो. आलू को नाप लेने का, मच्छी को नक्को."

दुसरा प्रश्न गच्चीचा. मागं कुणीतरी तिथं हुरडा भाजून फरशी काळी केली होती, तेव्हापासून गच्चीवर चूल पेटवायला सोसायटीची लेखी परवानगी लागे. सोसायटीचे सचिव सांडूभाऊ तळमजल्यावर राहत. सुलेखाबाईंनी अर्ज दिला. 'कारण' या शब्दापुढं त्यांनी 'मासा तळणे' असं लिहिलं.

"मॅडम, असं लिहू नाय," सांडूभाऊ अर्ज हातात धरून हळहळले. "सांस्कृतिक कार्यक्रम लिहा."

"पण कार्यक्रम नाही, मासाच आहे."

"मासा कोणता?"

सुलेखाबाईंनी मॉलमधल्या गोठवलेल्या, बिनकाट्याच्या परदेशी माशाचं नाव सांगितलं. सांडूभाऊंनी अर्ज खाली ठेवला. त्यांचा चेहरा कुणीतरी त्यांच्या आईबद्दल वाईट बोलल्यासारखा झाला. त्यांचं मूळ गाव पैठणच्या अलीकडं, जायकवाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. "त्या बाई एवढा समुद्र वलांडून येणार, आन् आपण त्यांला बर्फातलं मढं चारायचं? मी मरळ आणतो. जित्ती. मधी एकच काटा, वर-खाली साफ मऊ. ती मरळ म्हंजे काय, आमच्याच वावरात वाढलेली हाय. वावर पाण्याखाली हाय एवढंच."

परवानगी अशा रीतीनं मिळाली. पुढचं सगळं या परवानगीतून निघालं.

बुधवारी रात्री पाहुण्या आल्या. डोरीनबाई उंच, किडकिडीत आणि सतत हसऱ्या होत्या. आशाबाईंनी त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तर त्या वाकून "थँक यू" म्हणाल्या. राजनंदिनी आईच्या गळ्यात पडली, आणि सुलेखाबाईंच्या लक्षात आलं की हिच्या खांद्याची हाडं आता लागत नाहीत. गुरुवारी पहाटेच दोघी अजिंठ्याला गेल्या.

त्याच पहाटे सांडूभाऊ पैठणहून मोटरसायकलवर डबा बांधून परतले. डब्यात हातभर लांबीची जिवंत मरळ होती. ती शुक्रवारपर्यंत ठेवायची कुठं? सुलेखाबाईंच्या घरी गुरुवार. शाइस्ताभाभींकडं पाहुणे, त्यांची न्हाणी मोकळी नाही. मोठ्या टपात ठेवावी तर टपभर पाणी वाया जाणार. ज्यांच्याकडं रोज नळ येतो अशा वाचकांसाठी सांगायला हवं, की आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, आणि ते आलं की माणसं लग्न अर्धवट सोडून घरी धावतात. तेव्हा एका माशासाठी टपभर पाणी घालवणं सांडूभाऊंच्या संस्कारात बसेना. गच्चीवर दोन टाक्या होत्या. एक नळाच्या पाण्याची, पिण्यासाठी. दुसरी बोअरच्या पाण्याची, वापरासाठी. सांडूभाऊंनी मरळ बोअरच्या टाकीत सोडायची ठरवली. दोन्ही टाक्या काळ्या, दोन्ही एकाच दुकानातल्या, आणि पुरतं उजाडलं नव्हतं.

संध्याकाळी सुलेखाबाई मासा बघायला वर गेल्या. बोअरच्या टाकीत त्यांनी बॅटरी मारली. तळ स्वच्छ दिसला. सांडूभाऊंनी डोकं खाजवलं, मग हळूच दुसऱ्या टाकीचं झाकण उचललं. काळ्या पाण्यातून सापासारखं तोंड वर आलं, एक घोट हवा घेतली आणि खाली गेलं.

"हात् तिच्या मायला," सांडूभाऊ म्हणाले, आणि मग सुलेखाबाई शेजारी आहेत हे आठवून, "माफ करा मॅडम," म्हणाले.

ही बातमी खाली जायला जिना लागला नाही. घटकाभरात सगळी इमारत गच्चीवर होती. पहिल्या मजल्यावरच्या रूपाताई माळकरी. त्यांच्या घरी अंडंसुद्धा येत नाही. त्यांनी टाकीकडं आणि सुलेखाबाईंकडं एकाच नजरेनं पाहिलं.

"सकाळपास्नं आम्ही हेच पाणी पितोय? देवाला हेच घातलं मी!"

"ताई, तुम्ही शांत व्हा," सांडूभाऊ म्हणाले. "नळाचं पाणी येतं कुठून? जायकवाडीतूनच ना? मरळ बी तिथलीच. आपण पितो त्या पाण्यात ती आपल्या आधीपास्नं राहती. आता जरा जवळ आली, एवढंच."

"तिकडून ते गाळून येतं."

"मंग आपण बी गाळू."

"मॅडम," रूपाताई वळल्या, "तुम्ही सायन्सच्या. तुम्ही सांगा. पाणी बाटलं का?"

सुलेखाबाईंच्या आयुष्यात परीक्षेचे प्रश्न पुष्कळ आले होते, पण ज्यात गुन्हेगार आणि परीक्षक एकच आहे असा हा पहिलाच. त्यांनी खरं ते सांगितलं. "एका दिवसानं पाणी खराब होत नाही. उकळलं की निर्धोक. बाटणं विज्ञानात येत नाही, रूपाताई, त्याबद्दल मला बोलता येणार नाही. पण चूक माझ्या घरासाठी झाली. माफ करा."

नेमक्या याच वेळी अजिंठ्याहून परतलेल्या राजनंदिनी आणि डोरीनबाई गच्चीच्या दारात उभ्या राहिल्या. डोरीनबाईंनी गर्दी पाहून काय झालं म्हणून विचारलं. चार जणींकडून ऐकून राजनंदिनीनं सांगितलं, की आईनं तुमच्यासाठी मासा आणलाय, उद्या फिश अँड चिप्स करणार आहे, सध्या तो पिण्याच्या पाण्यात आहे. डोरीनबाई क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग "हाऊ लव्हली" म्हणाल्या. सुलेखाबाईंना तो क्षण जरा लांब वाटला, पण त्या वेळी त्यांना सगळंच लांब वाटत होतं.

मरळ हातानं सापडेना. टाकी उपसावी तर आठवड्याचं पाणी गटारात जाणार. शाइस्ताभाभींनी गळ टाकायचं सुचवलं. कुणी म्हणालं, तिला टाकीतच वाढू द्यावं, शेवाळ खाईल. तोडगा शेवटी रूपाताईंनीच काढला, तोही कपाळाला आठ्या घालून.

"सांडायचं नाही एक थेंब. सगळ्यांनी आपापल्या घरी भरून घ्यायचं, उकळायचं आणि वापरायचं. टाकी आपोआप रिकामी होते. मग न्या तुमची ती."

शुक्रवारी सकाळी इमारतीतलं एकही भांडं रिकामं राहिलं नाही. पिंप, बादल्या, घागरी, कुकर, कूलर, पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला काचेचा जग, सगळं भरलं. खालच्या नळांची धार बारीक पडली तेव्हा गच्चीवरून माणसांची साखळी लावून बादल्या उतरल्या. डोरीनबाई वेरूळला गेल्याच नाहीत. बाह्या सारून त्या साखळीत उभ्या राहिल्या, रूपाताईंच्या शेजारी, आणि दोघी एकमेकींना आपापल्या भाषेत गुडघ्यांबद्दल सांगत राहिल्या. दुपारी गुडघाभर पाणी उरलं, तेव्हा सांडूभाऊ मच्छरदाणी घेऊन टाकीत उतरले. आतून मोठा आवाज आला, मग बराच वेळ घुमणाऱ्या शिव्या आल्या, मग मरळ आली. पुढचं वर्णन रूपाताईंच्या मानासाठी गाळतो. त्यांनी मात्र जाताना सुलेखाबाईंच्या हातात उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या दिला. "सकाळपास्नं तुम्ही एक घोट घेतला नाही," म्हणाल्या. सुलेखाबाईंना आभार मानायचे होते. त्यांना नुसतं पाणीच पिता आलं.

संध्याकाळी गच्चीवर शेगडी पेटली. माळ्यावरची भांडी खाली आली. शाइस्ताभाभींनी मैदा, सोडा आणि मीठ घेतलं आणि वाट पाहिली.

"और?"

"और काही नाही."

"मिर्ची?"

"नाही."

"अदरक-लहसन तो डालती ना मैं?"

"नाही भाभी. फक्त मीठ."

"या अल्ला! बीमार हैं क्या वो?"

सांडूभाऊंनाही हा अन्याय सोसेना. त्यांनी डोकं आणि शेपूट बाजूला काढून येसराचा मसाला घातलेला झणझणीत रस्सा एका कोपऱ्यात लावला. आशाबाईंनी आपली खुर्ची गच्चीच्या उंबऱ्याच्या आत मांडून घेतली. त्या खाणार नव्हत्या, पण पंगत नजरेबाहेर गेलेली त्यांना चालली नसती. पहिला तुकडा कढईतून निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "हे तर भजं हाय. माशाचं भजं. एवढ्यासाठी विमानानं जात्यात व्हय?"

काप मात्र सगळे एका जाडीचे होते, आणि सगळे एकदमच सोनेरी झाले. सुलेखाबाईंखेरीज हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

शाइस्ताभाभी बाटली घेऊन, आशाबाईंकडं पाठ करून, एकेका ताटात व्हिनेगर शिंपडत गेल्या. राजनंदिनीनं एक घास घेतला. डोळे मिटले. "आई," ती म्हणाली, "अगदी तोच."

 एक कारण कमी झालं होतं. 'मग ये ना इकडंच' हे वाक्य त्यांनी आदल्या महिन्यापासून तयार ठेवलं होतं. आता फक्त ते उच्चारायचं होतं, डोरीनबाईंचं जेवण झालं की.

डोरीनबाई जेवत होत्या. पहिला तुकडा संपल्यावर त्या "लव्हली" म्हणाल्या, आणि मराठवाड्यात जेवताना 'छान' म्हटलं की काय होतं ते त्यांना कळलं.

"लाजतीया ती. वाढ की अजून!" आशाबाई आतून ओरडल्या.

"लेओ ना आपा, इत्तासाच तो है," शाइस्ताभाभींनी दुसरा वाढला.

दुसरा गेला. तिसरा आला. डोरीनबाईंनी हात आडवा धरला, तर तो हात प्रेमानं बाजूला सारून तिसरा ताटात पडला. तिसराही त्यांनी खाल्ला, प्रत्येक घासामागं घोटभर पाणी पिऊन. त्यांचा गोरा चेहरा आधी गुलाबी, मग जरा हिरवट दिसू लागला. तेवढ्यात सांडूभाऊ वाटी घेऊन आले. मानाच्या पाहुणीला मानाचा भाग. वाटीतून मरळीचं डोकं डोरीनबाईंकडं बघत होतं.

डोरीनबाईंनी काटा खाली ठेवला. राजनंदिनीचा हात धरला आणि हळू आवाजात काही बोलल्या. मुलीचा घास तोंडातच राहिला.

"काय म्हणतात?" सांडूभाऊ घाबरले. "काटा अडकला का?"

"त्या मासा खात नाहीत," राजनंदिनी म्हणाली.

सांडूभाऊंनी वाटी मागं ओढली.

"खात नाहीत म्हंजे? आत्ता तीन खाल्ले की!"

मग राजनंदिनीनं सगळं मराठीत सांगितलं. डोरीनबाईंच्या वडिलांचं माशांचंच दुकान होतं. लहानपणी कपड्यांना, केसांना, वह्यांना तोच वास. शाळेतली मुलं शेजारी बसत नसत. लग्न होऊन घराबाहेर पडल्या तेव्हापासून त्यांनी मासा तोंडात घातला नव्हता.

"पण दर शुक्रवारी..." राजनंदिनीचं मराठी तिथंच संपलं आणि ती इंग्रजीत डोरीनबाईंना विचारू लागली. तुम्ही तर रांगेत उभ्या राहायच्या. मला म्हणायच्या, माझं आधीच झालंय. कधी कधी नुसते बटाटे खायच्या, तेव्हा मला वाटायचं तुमचं पथ्य असेल.

डोरीनबाईंनी खांदे उडवले. त्यांचं इंग्रजी सुलेखाबाईंना आता दुभाष्याविना कळलं. त्या हिवाळ्यात ही पोर काडीसारखी झाली होती, त्या म्हणाल्या. ती दुसरं काही संपवतच नव्हती. आणि आज तुझ्या आईनं तो मासा पिण्याच्या पाण्यातून काढला. एवढ्या बायका बादल्या घेऊन उभ्या राहिल्या. मी नको कसं म्हणू?

"तिला विचारलं कसं नाय कुणी?" आशाबाई खुर्चीतून उठून उंबऱ्यापर्यंत आल्या. विचारलं नव्हतं, हे खरं होतं. पाहुण्याला काय खातोस म्हणून विचारणं म्हणजे कमी वाढायचा बेत आहे असं दिसतं, म्हणून या घरात कुणालाच कधी विचारलं नव्हतं. आशाबाईंनी डोरीनबाईंकडं नीट पाहिलं. "लई सोसलं गं बाई तू," त्या म्हणाल्या. "सुलेखा, तिच्यापुढचं ते उचल. खाली गरम वरणभात हाय, तो आण. तूप घाल वरून."

सुलेखाबाईंनी ताट उचललं, पण त्या खाली गेल्या नाहीत. समुद्राच्या वाऱ्यात, आपल्याला नकोशा वासाच्या दुकानापुढं, दर शुक्रवारी रांगेत उभी असलेली एक उंच बाई त्यांना दिसत होती. 'माझं आधीच झालंय' हे त्यांनी स्वतः किती वेळा म्हटलं होतं, याचा हिशोब त्यांच्याकडं नव्हता. आपण सोडून आणखी कुणी ते या मुलीसाठी म्हणत असेल, हे मात्र त्यांनी कधी गृहीतच धरलं नव्हतं. तयार ठेवलेलं वाक्य अजून जिभेवर होतं. त्यांनी ते गिळलं. वाटलं होतं तेवढं ते कडू लागलं नाही.

"राजू," त्या म्हणाल्या. हातातलं ताट त्यांनी कठड्यावर ठेवलं. "राजू, त्यांना सांग, आम्ही सगळे त्यांचे फार ऋणी आहोत. आणि तुझ्या रुग्णालयाला हो म्हणून कळव. तू तिथंच राहा."